फ्री मेमरी गीगाबाइटमध्ये, तरी ड्रायव्हरला तुकडा मिळेना

लक्षण असे असते. लिनक्सचे मशीन बूट केले की सगळे सुरळीत. कॅमेरा चालतो, नेटवर्क कार्ड चालते, कॅप्चर कार्ड चालते. काही दिवस असेच जातात. मग कुणीतरी इंटरफेस बंद करून चालू करतो, किंवा ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून पुन्हा लोड करतो, किंवा मशीन सस्पेंडमधून जागे होते, आणि डिव्हाइस उठतच नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'पेज अलोकेशन फेल्युअर' आणि त्याखाली पानभर आकडे. ड्रायव्हर उणे १२, म्हणजे ईनोमेम ('मेमरी नाही'), परत करून मोकळा होतो. इकडे 'फ्री' कमांड मात्र कित्येक जीबी शिल्लक दाखवते. रीबूट केले की सगळे ठीक, आणि काही दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर सर्रास दोन सल्ले मिळतात: व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स (कायम मोकळी ठेवायची किमान मेमरी) वाढवा, आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) रोज ड्रॉप_कॅशेस (कॅश रिकामी करणे) चालवा. दोन्हींनी दुखणे पुढे ढकलले जाते, बरे होत नाही. कारण मुळात 'मेमरी संपली' हे निदानच चुकीचे आहे. डिव्हाइसला लागणारी मेमरी साध्या प्रोसेसच्या मेमरीपेक्षा फार अटी घालते. ती बहुधा सलग लागते, बरेचदा ठरावीक पत्त्याच्या आतच लागते, आणि एकदा दिली की कर्नलला ती हलवता येत नाही. यातली कोणती अट मोडली हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये. खालचे सगळे लिनक्स कर्नलबद्दल आहे, आणि पेज, म्हणजे मेमरी वाटण्याचे सर्वांत लहान एकक, ४ केबीचे धरले आहे.

आधी ती ओळ नीट वाचा

ओळ साधारण अशी दिसते:

केवर्कर/३:१: पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:९, मोड:जीएफपी_कर्नल, नोडमास्क=नल

सुरुवातीचे प्रोसेसचे नाव विसरून जा. त्या क्षणी सीपीयूवर जो होता त्याचे ते नाव. केवर्कर दिसला म्हणून केवर्कर दोषी ठरत नाही. खरा मागणारा खालच्या कॉल ट्रेसमध्ये सापडतो.

ऑर्डर हा कळीचा आकडा. कर्नलचा बडी अलोकेटर पेजेसचे तुकडे दोनाच्या घातांत ठेवतो. ऑर्डर ० म्हणजे एक पेज, ऑर्डर ३ म्हणजे ८ पेजेस म्हणजे ३२ केबी, ऑर्डर ९ म्हणजे २ एमबी, आणि नेहमीच्या बांधणीत सर्वांत मोठा ऑर्डर १० म्हणजे ४ एमबी. मागणी नेहमी वरच्या घाताला पोचवली जाते. ड्रायव्हरने २.१ एमबी मागितले तर बडी अलोकेटरकडे ४ एमबीच्या सलग तुकड्याचीच विचारणा होते. ही गोष्ट वाटते त्याहून जास्त वेळा नडते. बफरच्या शेवटी ६४ बाइटचा हेडर चिकटवला आणि ऑर्डर एका पायरीने चढला, असे ड्रायव्हर बरेच असतात.

ऑर्डर ३ ही मधली सीमारेषा आहे. तिथपर्यंतच्या मागणीसाठी कर्नल जिवाचे रान करतो, वेळ आली तर ओओएम किलरही (मेमरी मोकळी करायला प्रोसेस मारणारा) सोडतो. त्याच्या वरच्या मागण्यांना तो 'महाग' समजतो: थोडा रिक्लेम (वापरातली पेजेस परत मिळवणे), थोडे कॉम्पॅक्शन (पेजेस सरकवून सलग जागा करणे), आणि जमले नाही तर सरळ नकार. ऑर्डर ९ ला नकार मिळाला तेव्हा ओओएम किलर का धावला नाही, असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हेच. कर्नलच्या दृष्टीने तो आणीबाणीचा प्रसंगच नाही.

मग मोड पाहा. जीएफपी_कर्नल असेल तर मागणाऱ्याला थांबायची मुभा होती, म्हणजे कर्नलने निदान प्रयत्न तरी केला. जीएफपी_अॅटॉमिक असेल तर मागणी इंटरप्ट हँडलरमधून किंवा स्पिनलॉक धरून आली आहे. तिथे थांबता येत नाही, त्यामुळे जागच्या जागी कॉम्पॅक्शन करणेही शक्य नाही. त्या क्षणी तुकडा हाताशी असेल तर मिळेल, नाहीतर नाही. मोडमध्ये जीएफपी_डीएमए किंवा जीएफपी_डीएमए३२ (डीएमए म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला वगळून थेट मेमरी वाचणे-लिहिणे) दिसले तर गोष्ट पत्त्याच्या मर्यादेकडे वळते, त्याबद्दल पुढे.

आता खालच्या आकड्यांच्या जंगलातली एकच ओळ शोधा, प्रत्येक झोनच्या, म्हणजे पत्त्यांनुसार पाडलेल्या मेमरीच्या भागाच्या, मोकळ्या तुकड्यांची:

नोड ० नॉर्मल: ४८२११*४केबी (यूएमई) २०३७७*८केबी (यूएमई) ४१२०*१६केबी (यूई) ६११*३२केबी (यूई) ०*६४केबी ०*१२८केबी …

बेरीज केली तर ४४१३३२ केबी, म्हणजे सुमारे ४३० एमबी मोकळे. पण ६४ केबीपासून पुढे सगळी शून्ये. ऑर्डर ९ सोडाच, ऑर्डर ४ सुद्धा मिळणार नाही. कंसातली अक्षरे तो तुकडा कोणत्या प्रकारच्या ब्लॉकमधला आहे ते सांगतात: यू म्हणजे न हलणाऱ्यांचा, एम म्हणजे हलवता येणाऱ्यांचा, ई म्हणजे परत मिळवता येणाऱ्यांचा, सी म्हणजे सीएमएचा (डिव्हाइससाठी राखलेला सलग पट्टा, त्याबद्दल पुढे). मोठे तुकडे फक्त सी मध्ये उरले असतील आणि मागणी न हलणाऱ्या पेजेसची असेल, तर ते तुकडे डोळ्यांसमोर असूनही निरुपयोगी. 'फ्री' कमांडची बेरीज मात्र त्यांनाही धरते.

कधीकधी ओळच येत नाही, फक्त ड्रायव्हर उणे १२ म्हणून गप्प बसतो. अशा वेळी मागणीवर बहुधा नोवॉर्न झेंडा असतो. ड्रायव्हरच्या कोडमध्ये तो शोधा, तात्पुरता काढा आणि पुन्हा चालवा.

तुकडेच उरले नाहीत

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. खात्री करायला /प्रॉक/बडीइन्फो पुरेसे आहे. प्रत्येक झोनची एक ओळ, डावीकडून ऑर्डर ० ते १०. बूटनंतर लगेच एकदा, आणि मग दर तासाला त्याची नोंद ठेवा. उजवीकडचे आकडे दिवसागणिक झिजताना दिसले तर हा विखुरण्याचा आजार आहे. मशीन बूट झाल्यावर ड्रायव्हर लोड होतो तेव्हा मोठे तुकडे रग्गड असतात, म्हणून तो पहिल्यांदा कधीच अडत नाही. 'पहिल्यांदा चालते, दुसऱ्यांदा नाही' हे कोडे इथेच सुटते.

पेजेस विखुरतात का, हे थोडे खोलात पाहिले पाहिजे. उपाय त्यावरच ठरतात. प्रोसेसची मेमरी आणि पेज कॅश कर्नल उचलून दुसरीकडे ठेवू शकतो. मेल गॉर्मन यांचे कॉम्पॅक्शनचे काम २०१० मध्ये कर्नल २.६.३५ मध्ये आले, ते नेमके हेच करते: हलवता येणारी पेजेस झोनच्या एका टोकाला सरकवायची आणि दुसऱ्या टोकाला सलग जागा करायची. पण स्लॅबमधल्या (कर्नलच्या छोट्या वस्तूंच्या साठ्यातल्या) बहुतेक वस्तू, पेज टेबल्स, कर्नल स्टॅक, आणि ड्रायव्हरांनी स्वतः घेतलेली पेजेस हलत नाहीत. अशा एका पेजमुळे २ एमबीचा अख्खा ब्लॉक ऑर्डर ९ साठी बाद होतो. कर्नल त्यांना एकत्र ठेवायचा प्रयत्न करतो, पण मेमरीची ओढाताण झाली की न हलणाऱ्यांची मागणी हलणाऱ्यांच्या ब्लॉकमध्ये शिरते, आणि शिरलेले एक पेज महिनोन्महिने तिथेच बसू शकते. /प्रॉक/पेजटाइपइन्फो मध्ये हे प्रकारवार दिसते, वाचायला रूट लागतो.

इथे एक चाचणी फार उपयोगी पडते. बिघाड झालेला असतानाच /प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरी मध्ये १ लिहा, म्हणजे सगळ्या झोनचे कॉम्पॅक्शन होईल. मग बडीइन्फो पुन्हा पाहा आणि ड्रायव्हर पुन्हा लोड करा. आता तुकडा मिळाला तर विखुरलेली पेजेस हलणारी होती, कर्नलने फक्त पुरेसा जोर लावला नव्हता. त्यावर इलाज सोपा आहे. मिळाला नाही, तर न हलणारी पेजेस सगळीकडे पसरली आहेत, आणि मग कितीही वेळा कॉम्पॅक्शन चालवले तरी पालथ्या घड्यावर पाणी. ड्रॉप_कॅशेस आधी चालवून मग कॉम्पॅक्शन केले तर थोडा जास्त फरक पडतो, पण निदानासाठी दोन्ही वेगवेगळे करून बघावेत. नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही.

मिन_फ्री_केबाइट्स बद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो आकडा वाढवला की केस्वॅपडी (पेजेस परत मिळवणारा पार्श्वभूमीतला थ्रेड) लवकर जागा होतो आणि मोकळ्या पेजेसचा साठा मोठा राहतो. अॅटॉमिक मागण्या कमी ऑर्डरच्या असतील, म्हणजे जंबो फ्रेमवाल्या नेटवर्क ड्रायव्हरच्या ऑर्डर १-२ च्या असतील, तर त्याने खरोखर फायदा होतो. ऑर्डर ९ साठी मात्र त्याचा थेट संबंध नाही. लहान मशीनवर तो अवाच्या सवा वाढवला तर ओओएम ओढवून घ्याल. कर्नल ५.९ पासून व्हीएम.कॉम्पॅक्शन_प्रोअॅक्टिव्हनेस आहे, मूळ किंमत २०. हे पार्श्वभूमीत आपणहून कॉम्पॅक्शन करते, आणि त्याचे लक्ष्य ह्यूज पेजचा आकार असतो. हलणाऱ्या पेजेसचा त्रास असेल तर क्रॉनपेक्षा हे कितीतरी बरे.

पण खरा इलाज ड्रायव्हरमध्ये. तो कोड तुमच्या हातात असेल तर पुढचे वाचा, नसेल तर सीएमएकडे जा.

पहिला प्रश्न: ही मेमरी डिव्हाइस पाहतो का? गंमत म्हणजे, बरेचदा पाहतच नाही. ड्रायव्हर स्वतःच्या हिशेबाचा मोठा टेबल केमॅलॉकने मागतो, आणि तो वाचणारा असतो फक्त सीपीयू. केमॅलॉक भौतिकदृष्ट्या सलग मेमरी देते, सीपीयूला त्याची गरज नसते. तिथे केव्हीमॅलॉक वापरा. कर्नल ४.१२ पासून ते आहे: आधी सलग बघते, नाही मिळाले तर व्हीमॅलॉककडे वळते. एका ओळीचा बदल, आणि निम्मी प्रकरणे इथेच मिटतात असा माझा अनुभव. मात्र सोडताना केव्हीफ्री हवे, केफ्री नव्हे.

व्हीमॅलॉकने घेतलेली मेमरी डीएमए_मॅप_सिंगल ला देऊ नका. तिचे पत्ते फक्त सीपीयूच्या नजरेत सलग असतात, भौतिक पेजेस कुठेही विखुरलेली. नवे कर्नल असे मॅपिंग इशारा देऊन नाकारतात; जुने मात्र, डीबग पर्याय बंद असले तर, तक्रारही न करता चुकीचा पत्ता पुढे सरकवतील, आणि डिव्हाइस दुसऱ्याच कुणाच्या पेजवर लिहील. हा बिघाड मूळ बिघाडापेक्षा शंभरपट वाईट.

दुसरा प्रश्न: डिव्हाइसला खरोखर सलग हवी का? आजकालची बहुतेक चांगली उपकरणे स्कॅटर-गॅदर जाणतात, म्हणजे त्यांना तुकड्यांची यादी दिली तरी चालते. मग ऑर्डर ० ची पेजेस घ्या, एसजी टेबल बनवा आणि डीएमए_मॅप_एसजी करा. ऑर्डर ० ची मागणी सहसा फसत नाही. फसली तर मेमरी खरोखरच संपलेली असते. व्हिडिओच्या ड्रायव्हरमध्ये व्हिडिओबफ२ चे डीएमए-कंटिग सोडून डीएमए-एसजी घेता येते का ते पाहा. आयओएमएमयू असेल तर आणखी सोपे: तो विखुरलेली पेजेस डिव्हाइसला सलग पत्त्यांवर दाखवतो, आणि त्याच्या मागे असलेल्या डिव्हाइससाठी डीएमए_अलॉक_कोहेरंट ला भौतिक सलगपणा लागतच नाही. एक्स८६ वर कुणी वेगासाठी आयओएमएमयू=पीटी हा बूट पर्याय देऊन ठेवला असेल, तर ही सोय बंद झालेली असते. तो पर्याय कधी आणि कोणी टाकला हे सहसा कुणालाच आठवत नाही, म्हणून /प्रॉक/सीएमडीलाइन स्वतः बघा.

तिसरा मुद्दा वेळेचा. मोठा तुकडा लागणारच असेल तर तो प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा) एकदा घ्या आणि रिमूव्ह होईपर्यंत धरून ठेवा. ओपनला घ्यायचा, क्लोजला सोडायचा, सस्पेंडला सोडायचा, रिझ्यूमला पुन्हा मागायचा, ही काटकसर दिसायला चांगली पण तिनेच घात होतो. सोडलेल्या तुकड्यात दुसरे कुणीतरी एक पेज ठेवते आणि तो तुकडा पुन्हा जुळत नाही.

छोट्या डिस्क्रिप्टरांसाठी (डिव्हाइसला काम सांगणाऱ्या नोंदींसाठी) उलटा मुद्दा आहे. डीएमए_अलॉक_कोहेरंट किमान एक पेज देते. ६४ बाइटचे हजार डिस्क्रिप्टर वेगवेगळे मागितले तर हजार पेजेस अडकतात, तीही न हलणारी, आणि विखुरण्याला तुम्हीच हातभार लावता. त्यासाठी डीएमए_पूल आहे, तो एका पेजमधून छोटे तुकडे वाटतो.

सीएमए असूनही नकार

एआरएमच्या बोर्डांवर सलग मेमरीसाठी सीएमए असतो. सॅमसंगमधल्या अभियंत्यांनी केलेले हे काम २०१२ मध्ये कर्नल ३.५ मध्ये आले. कल्पना हुशारीची: बूटच्या वेळी एक सलग पट्टा राखून ठेवायचा, पण तो वाया जाऊ न देता हलवता येणाऱ्या पेजेसना वापरू द्यायचा. डिव्हाइसने मागितले की भाडेकरूंना हलवून पट्टा त्याच्या हवाली करायचा. अडचण तेव्हा येते, जेव्हा भाडेकरू हलत नाही.

इथली लॉगची ओळ वेगळी असते: सीएमए_अलॉक: अलॉक फेल्ड, त्यापुढे मागितलेली पेजेस आणि एक उणे आकडा. हा आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण त्यावर दोन पूर्णपणे वेगळ्या वाटा फुटतात.

उणे १२ आला तर सीएमएच्या स्वतःच्या नकाशातच तेवढी सलग जागा नव्हती. म्हणजे पट्टा छोटा आहे, किंवा डिव्हाइसांनीच तो व्यापला आहे. उणे १६, म्हणजे ईबिझी, आला तर नकाशात जागा होती पण तिथली पेजेस हलली नाहीत. कुणीतरी ती पिन केली आहेत, म्हणजे जागेवर अडकवून ठेवली आहेत.

मेमइन्फो मधल्या सीएमएफ्री वर विसंबू नका. भाडेकरूंनी भरलेला पट्टा त्यात कमी दिसतो, पण ते हलतील तर मागणी पूर्ण होते. उलट सीएमएफ्री भरपूर असूनही तुकडे बारीक असतील तर मागणी फसते. खरा आकडा डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीसाठीची फाइल व्यवस्था), सीएमए नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक पट्ट्याखाली मिळतो: यूज्ड म्हणजे डिव्हाइसांकडे किती पेजेस, आणि मॅक्सचंक म्हणजे सर्वांत मोठा सलग तुकडा किती. त्यासाठी कर्नल कॉन्फिग_सीएमए_डीबगएफएस सह बांधलेला हवा. कर्नल ५.१३ पासून व्हीएमस्टॅटमध्ये सीएमए_अलॉक_सक्सेस आणि सीएमए_अलॉक_फेल हे मोजकही आहेत. निगराणीला तेवढे पुरतात.

यूज्ड दिवसागणिक चढत असेल तर ती गळती आहे. कॅमेरा, डिस्प्ले, व्हिडिओ डिकोडर यांच्या साखळीत दोष कर्नलमध्ये कमी, यूझरस्पेसमध्ये जास्त असतो. डीएमए-बफचा (डिव्हाइसांमध्ये वाटून वापरायच्या बफरचा) फाइल डिस्क्रिप्टर एका प्रोसेसने दुसऱ्याला दिला आणि दुसऱ्याने बंदच केला नाही, तर बफर मरत नाही. /सिस/कर्नल/डीबग/डीएमए_बफ/बफइन्फो उघडा: प्रत्येक बफरचा आकार, कुणी दिला, कोणती डिव्हाइसे जोडलेली आहेत, सगळे दिसते. एकाच आकाराचे बफर ओळीने वाढत चाललेले दिसले की चोर सापडला. मग संशयित प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीत मोजणी करा. पट्टा दुप्पट केल्याने अशी गळती थांबत नाही, बिघाड आठवड्याऐवजी पंधरवड्याने येतो एवढेच.

उणे १६ चा मामला जास्त किचकट. एखादे पेज क्षणभर आयओमध्ये अडकलेले असते तेव्हा पुन्हा मागितल्यावर मिळून जाते, म्हणून ड्रायव्हरने थोड्या अंतराने पुन्हा प्रयत्न करणे इथे रास्त आहे. दीर्घकाळ पिन होणाऱ्या पेजेससाठी कर्नलमध्ये फॉल_लाँगटर्म झेंडा आहे. तो लावला की पिन करण्याआधी पेजेस सीएमएच्या बाहेर नेली जातात. जुना किंवा मुख्य झाडाबाहेरचा ड्रायव्हर तो न लावता पेजेस धरून बसला असेल तर पट्ट्यात खिळे ठोकल्यासारखे होते. त्याला दुरुस्त करा, किंवा तुमच्या डिव्हाइसला डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलच्या) रिझर्व्हड-मेमरी नोडमध्ये स्वतंत्र पट्टा द्या. त्या नोडवर रीयूझेबल लिहिले नाही तर तो पट्टा भाडेकरूंना दिलाच जात नाही. मेमरी अडकून पडते हे खरे, पण ज्या उपकरणाने कधीही फसून चालणार नाही त्याच्यासाठी मी हाच मार्ग घेईन.

पट्टा वाढवायचा तर सीएमए=१२८एम असा बूट पर्याय चालतो. डिव्हाइस ट्रीमध्ये मूळ पट्टा आधीच ठरवलेला असेल तर बूट पर्याय आणि ट्री यांच्यात कोण जिंकले, हे बूट लॉगच्या सुरुवातीच्या ओळींतून पडताळा. ६४ केबी पेजच्या एआरएम६४ कर्नलवर सीएमए पट्टा ५१२ एमबीच्या पटीत जुळावा लागतो. १२८एम मागून ५१२ मिळाले तर दचकू नका.

मेमरी आहे, पण डिव्हाइसच्या पोहोचीबाहेर

डिव्हाइस किती बिटांचे पत्ते हाताळू शकतो हे ड्रायव्हरने डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट ने सांगायचे असते. सांगितले नाही तर कर्नल ३२ बिट धरतो. ६४ जीबीच्या सर्व्हरवर याचा अर्थ, त्या डिव्हाइसची सगळी मागणी पहिल्या ४ जीबीत कोंबली जाते, आणि एक्स८६ वर त्यातलाही बराच भाग पीसीआयच्या खिडकीने खाल्लेला असतो. लॉगमध्ये जीएफपी_डीएमए३२ आणि त्याच झोनची शून्ये दिसली तर आधी डेटाशीट उघडा. डिव्हाइस ६४ बिट जाणत असेल तर मास्कची एक ओळ टाकली की काम झाले.

जीएफपी_डीएमए हे त्याहून वाईट. नाव वाचून वाटते, डीएमएसाठीची मेमरी म्हणजे हाच झेंडा लावायचा. एक्स८६ वर त्याचा अर्थ पहिले १६ एमबी, जुन्या आयसा कार्डांच्या २४ बिट पत्त्यांसाठी राखलेले. डीएमए_अलॉक_कोहेरंट असे झोनचे झेंडे काढून टाकते आणि स्वतः ठरवते, पण केमॅलॉकला हा झेंडा दिला तर तो अक्षरशः पाळला जातो. एआरएम६४ वर गोष्ट वेगळी: रास्पबेरी पाय ४ मधली काही उपकरणे फक्त पहिला १ जीबी पाहू शकतात, म्हणून कर्नल ५.५ मध्ये तिथे डीएमए झोन परत आणावा लागला.

मॅप करताना बफर पोहोचीबाहेर असेल आणि आयओएमएमयू नसेल, तर कर्नल एसडब्ल्यूआयओटीएलबी वापरतो: खालच्या पत्त्यांतला राखीव साठा, ज्यात डेटा कॉपी करून डिव्हाइसला दिला जातो. मूळ आकार ६४ एमबी, २ केबीचे खण, आणि एका मॅपिंगला जास्तीत जास्त १२८ खण, म्हणजे २५६ केबी. 'एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल' या ओळीत मागितलेला आकार, एकूण खण आणि वापरलेले खण दिलेले असतात. वापरलेले एकूणच्या जवळ असतील तर साठा खरोखर भरला. निम्मेही भरले नसतील आणि आकार २५६ केबीच्या वर असेल, तर साठा वाढवून काहीही होणार नाही. ड्रायव्हरने डीएमए_मॅक्स_मॅपिंग_साइझ विचारून तुकडे करायला हवेत. साठा वाढवायचाच असेल तर एसडब्ल्यूआयओटीएलबी=६५५३६ म्हणजे १२८ एमबी; तो आकडा खणांचा आहे, एमबीचा नाही. एएमडीच्या एसईव्हीसारख्या एन्क्रिप्टेड व्हर्च्युअल मशीनमध्ये जवळजवळ सगळा डीएमए याच वाटेने जातो, तेव्हा तिथे हा साठा आधीच मोठा धरला जातो.

वापरलेल्या खणांचा आकडा भार नसतानाही खाली येत नसेल तर कुणीतरी अनमॅप विसरले आहे.

अनमॅप विसरणारा कसा पकडायचा

केमेमलीककडे धाव घेऊ नका. तो स्लॅबच्या वस्तू पाहतो, थेट पेज अलोकेटरकडून घेतलेली पेजेस त्याला दिसत नाहीत. कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग लावून कर्नल बांधा. मॉड्यूल काढताना ड्रायव्हरचे मॅपिंग शिल्लक असेल तर तो मोठ्याने ओरडतो. चुकीच्या आकाराने अनमॅप केले, डीएमए_मॅपिंग_एरर तपासले नाही, तेही सांगतो. डीबगएफएसमधल्या ड्रायव्हर_फिल्टर मध्ये तुमच्या ड्रायव्हरचे नाव लिहिले तर बाकीचा गोंगाट बंद होतो. वेग बराच कमी होतो, त्यामुळे चालू सेवेवर लावू नका.

पेजेस कुणी घेतली हेच शोधायचे तर पेज_ओनर=ऑन ने बूट करा. प्रत्येक पेजमागे ते घेणाऱ्याचा कॉल स्टॅक राहतो. फाइल अवाढव्य येते, पण कर्नलच्या टूल्समध्ये पेज_ओनर_सॉर्ट आहे, तो सारख्या स्टॅकची मोजदाद करतो. न हलणारी पेजेस कोण पेरतो आहे हे शोधायलाही हाच उपयोगी, गळती नसली तरी.

अॅटॉमिक संदर्भातून कोहेरंट मेमरी मागणाऱ्यांसाठी एक छोटा वेगळा साठा असतो. तो संपला तर लॉगमध्ये कोहेरंट_पूल हे नाव येते. त्याच नावाच्या बूट पर्यायाने तो वाढवता येतो. इथे सहसा खोल शिरायची गरज पडत नाही.

दुरुस्ती खरी झाली का

आठवडाभर थांबून 'आता येत नाही' म्हणणे मला पटत नाही. बिघाड मुद्दाम घडवा. मोठमोठ्या फाइली वाचून पेज कॅश भरा, सोबत लाखो छोट्या फाइली बनवून आयनोड आणि डेंट्री वाढवा, म्हणजे स्लॅब पसरेल. बडीइन्फोची उजवी बाजू शून्यावर आली की ड्रायव्हर काढा-घाला, इंटरफेस बंद-चालू करा, सस्पेंड-रिझ्यूम करा, सगळे लूपमध्ये. जुना ड्रायव्हर पटकन आडवा होतो, दुरुस्त केलेला तगला पाहिजे. दोन्ही एकाच तऱ्हेने चालवून बघा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

याहून कडक परीक्षा फॉल्ट इंजेक्शनची. कॉन्फिग_फेल_पेज_अलॉक असेल तर डीबगएफएसमधल्या फेल_पेज_अलॉक खाली मिन-ऑर्डर ठरवून त्या आणि त्यावरच्या ऑर्डरच्या मागण्या हव्या त्या प्रमाणात फसवता येतात. तिथली इग्नोर-जीएफपी-वेट ही किल्लीही पाहून घ्या. ती वाय असेल तर थांबू शकणाऱ्या मागण्या, म्हणजे जीएफपी_कर्नलवाल्या, वगळल्या जातात आणि परीक्षा फुकट जाते.

या परीक्षेत बहुतेक ड्रायव्हर ज्या जागी कोसळतात ती जागा ठरलेली आहे: रिंगचा (डिस्क्रिप्टरांच्या गोलाकार रांगेचा) आकार बदलण्याचा किंवा रीसेटचा मार्ग. जुनी रिंग आधी सोडली, नवी मागितली, नवी मिळाली नाही, आणि आता हातात ना जुनी ना नवी. चालते नेटवर्क एका सेटिंग बदलामुळे मेले. क्रम उलटा करा: नवी मिळाल्यावरच जुनी सोडा, नाही मिळाली तर उणे १२ परत द्या आणि जुन्यावरच चालू राहा. क्षणभर दुप्पट मेमरी लागते, सीएमएचा पट्टा ठरवताना ती धरावी लागते. तेवढी ऐपत नसलेल्या बोर्डावर रिंगचा सर्वांत मोठा आकारच प्रोबमध्ये घेऊन ठेवा आणि त्यातला हवा तेवढा भाग वापरा.